उपटलं तरी परत येणारं अनोळखी रोप: ओळख नेमकी कुठे चुकते?

अंगणात किंवा कुंडीत आपण न लावलेलं रोप उगवतं. फोटो चार जणांना दाखवला की चार नावं मिळतात. शेवटी कंटाळून आपण ते उपटतो, आणि महिन्याभरात त्याच जागी तेच रोप पुन्हा डोकं वर काढतं. नाव न कळणं आणि रोप परत येणं या दोन वेगळ्या अडचणी वाटतात, पण माझ्या अनुभवात दोन्हींचं कारण एकच निघालं. आपण शेंड्याचं पान बघतो आणि तिथेच थांबतो. पान खोडाला कसं जोडलंय, खोड कसलं आहे, जमिनीखाली काय आहे, हे बघायचं राहून जातं.

माझ्याकडे नळाजवळच्या कोपऱ्यात हा प्रकार तीन वर्षं चालला. पहिल्या वर्षी दोन रुंद, जाडसर दलं, म्हणजे बी रुजल्यावर आधी दिसणारी पानांसारखी जोडी, घेऊन एक रोप वर आलं. मला वाटलं भोपळा असेल, म्हणून राहू दिलं. मग वर आलेली पानं भोपळ्याची नव्हतीच. टोकदार, गुळगुळीत, हिरवीगार. शेजारच्या काकूंनी मिरची म्हटलं, माझ्या भावाने धोतरा म्हटलं, फोनने तिसरंच काहीतरी सांगितलं. धोतऱ्याच्या धास्तीने मी ते उपटलं. खोड एका पेरापाशी कट् करून तुटलं आणि हातात आलं. तीन आठवड्यांनी तिथेच दोन कोंब. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, फक्त या वेळी चार कोंब. तिसऱ्या वर्षी ठरवलं की नाव कळेपर्यंत याला हात लावायचा नाही. त्या वर्षी जे शिकायला मिळालं ते पुढे सांगते.

नाव कळेपर्यंत हात सांभाळा

अनोळखी रोपाचं पान चावून बघू नका. "थुंकून टाकलं की काही होत नाही" हे खरं नाही. धोतऱ्याच्या सगळ्या भागांत विष असतं, कण्हेरीच्याही, आणि दोन्ही अंगणात अगदी सहज दिसतात. वास घ्यायचा तर हातमोजा घालून पान चुरगळा आणि थोडं लांबून हुंगा. खोड मोडल्यावर पांढरा चीक आला तर तो त्वचेला लागू देऊ नका आणि त्या हाताने डोळ्याला तर मुळीच स्पर्श करू नका. रुईचा किंवा शेराचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. अंगावर बारीक लव किंवा कूस असलेलं रोप उघड्या हाताने धरू नका. खाजकुइलीच्या शेंगेवरची कूस नुसत्या वाऱ्यानेही अंगावर येते. उपटलेली अनोळखी रोपं जाळूही नका, धुरातून त्रास होऊ शकतो.

घरात रांगतं मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर नाव कळायची वाट बघत रोप मोकळं ठेवू नका. मातीच्या गोळ्यासकट काढून उंचावरच्या कुंडीत लावा आणि तिथे निरीक्षण करा. कोणी चघळलंच, तर दवाखान्यात जाताना रोपाची फांदी पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा ती फांदी जास्त सांगते.

रोप कुठे उगवलं?

नावाकडे जायच्या आधी जागा बघा. तारेखाली, कठड्याखाली, भिंतीच्या फटीत उगवलेलं रोप बहुधा पक्ष्याने आणलेलं असतं. वड, पिंपळ, उंबर यांची फळं पक्षी खातात आणि बिया विष्ठेतून भिंतीवर पडतात. उघड्या जागी एकाच वेळी विखुरलेली बरीच रोपं दिसली तर वाऱ्याने आलेलं बी असण्याची शक्यता मोठी. कंपोस्ट घातलेल्या वाफ्यातच रोपं आली असतील तर टोमॅटो, पपई, भोपळा, कारलं यांचा विचार आधी करा. जिथून रोज ये-जा होते त्या वाटेच्या कडेला आघाडा किंवा गोखरू उगवतं, कारण त्यांचं बी कपड्यांना आणि जनावरांच्या केसांना चिकटून येतं.

अजून एक जागा लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे आपल्याच लावलेल्या झाडाचा बुंधा. कलमी गुलाबाच्या जोडाच्या खालून फुटवा आला तर तो खालच्या जंगली गुलाबाचा असतो. पानं वेगळी, काटे वेगळे, म्हणून अनोळखी रोप शेजारी उगवल्यासारखं वाटतं. माती जरा बाजूला करा. कोंब कलमाच्या जोडाखालून निघालेला दिसला की प्रश्न तिथेच सुटला. कढीपत्त्याच्या मुळांवरूनही चार-सहा फुटांवर फुटवे येतात. पान चुरगळलं की वासावरून लगेच कळतं, पण त्या अंतरावर तो आपल्याच झाडाचा असेल हे डोक्यात येत नाही.

सगळ्यात जास्त फसवतं ते रोपाचं वय

बहुतेक चुकीची नावं इथे जन्माला येतात, म्हणून इथे जरा सावकाश बघू.

बी रुजल्यावर सर्वांत आधी दिसतात ती बहुतेक वेळा पानं नसतात, दलं असतात, म्हणजे बियातच तयार असलेले पानांसारखे भाग. ती दोन असली तर रोप द्विदल. गवतासारखं एकच बारीक पातं निघालं तर एकदल. दलांचा आकार पुढच्या पानांशी बहुधा जुळत नाही. माझ्या कोपऱ्यातल्या रोपाची दलं रुंद होती म्हणून मला भोपळा वाटला, आणि नंतरची पानं पाहून मी ती खूण विसरूनही गेले. खरं तर दलं हा उत्तम पुरावा आहे, फक्त तो आठ-पंधरा दिवसांत गळून जातो. म्हणून अनोळखी रोप दिसलं की पहिल्याच दिवशी फोटो काढून ठेवा, मग ते कितीही क्षुल्लक वाटो.

काही झाडांची दलं जमिनीवर येतच नाहीत. आंब्याची कोय मातीतच राहते आणि वर थेट कोवळी, तांबूस पानं येतात. अशा वेळी बोटाने माती हळूच उकरून पाहिली तर कोय किंवा बियांचं टरफल रोपाला अजून चिकटलेलं सापडतं. याहून भक्कम पुरावा नाही. मोठ्या झाडाचं रोप असावं असा संशय आला तर पानांवर डोकं चालवण्याआधी हे करून बघा.

दलांनंतरची पहिली पानंही मोठ्या झाडाच्या पानांसारखी असतीलच असं नाही. चवळी-घेवड्याची पहिली दोन पानं साधी आणि समोरासमोर असतात, तीन पर्णिकांचं, म्हणजे तीन छोट्या भागांचं, ओळखीचं पान त्यानंतर येतं. गुलमोहराचं पहिलं पान साधं पिसासारखं असतं, फांद्या फुटल्यासारखं दुहेरी पान पुढे येतं. फणसाच्या तरुण रोपाची पानं कडांना खोल कापलेली असू शकतात, मोठ्या झाडाची मात्र अखंड. पपईची सुरुवातीची पानं साधी, कमी कापलेली. हाताच्या पंजासारखा आकार नंतर येतो. दोन-चार पानांच्या रोपाला कोणी ठामपणे नाव दिलं तर ते नाव वहीत लिहा, पण त्यावर विसंबून काही करू नका. सहा ते आठ खरी पानं येऊ द्या. तुळशीएवढ्या रोपांना त्यासाठी साधारण महिना लागतो.

पानाच्या आकाराआधी पानाची मांडणी

नावं चुकवणारी दुसरी सवय म्हणजे पानाचा आकार बघून नाव शोधणं. टोकदार, अंडाकृती, हिरवं पान हजारो झाडांना असतं. त्यापेक्षा पानं खोडावर कशी बसली आहेत ते बघा. प्रत्येक पेराला दोन पानं समोरासमोर आहेत, की एकाआड एक, की एका पेराभोवती तीन-चार गोल मांडलेली? ही गोष्ट ऊन, पाणी, खत बदललं तरी सहसा बदलत नाही.

मी हे तिसऱ्या वर्षी पाहिलं आणि दोन नावं एका मिनिटात बाद झाली. मिरची आणि धोतरा, दोन्हींची पानं एकाआड एक असतात. माझ्या रोपाची पानं समोरासमोर होती आणि पेरं गाठीसारखी फुगलेली होती. दोन वर्षं मी ज्या भीतीने ते उपटत होते ती भीती एका नजरेत संपली असती.

मग खोड बघा. अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवलं तर चौकोनी लागतं का? पानंही समोरासमोर असतील आणि चुरगळल्यावर सुगंध येत असेल तर रोप तुळस-पुदिन्याच्या कुळातलं असण्याची शक्यता खूप आहे. गवतासारखं दिसणारं रोप असेल तर खोड बोटांत फिरवणं अनिवार्यच. गोल आणि पेरं असलेलं असेल तर गवत, तीन धारांचं असेल तर लव्हाळा-नागरमोथ्याचा गट. हा फरक पुढे काढून टाकताना फार महत्त्वाचा ठरतो.

एक पान कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हेही नीट ठरवावं लागतं. कडुनिंबाच्या एका काडीवर दिसणारी ती सगळी मिळून एकच पान असतं. छोटे भाग या त्याच्या पर्णिका. खूण अशी की खऱ्या पानाच्या बेचक्यात, म्हणजे देठ खोडाला मिळतो तिथे, कळी किंवा डोळा असतो. पर्णिकेच्या बेचक्यात तो नसतो. कडुनिंब आणि बकाणा निंब यांची गल्लत इथेच सुटते. कडुनिंबाच्या पर्णिका एकाच दांड्यावर असतात, बकाण्याच्या दांड्याला पुन्हा उपदांडे फुटतात.

भुईआवळ्याने मला या बाबतीत चांगलंच शिकवलं. त्याच्या बारीक फांद्या हुबेहूब चिंचेच्या पानासारख्या दिसतात आणि रात्री मिटतात, त्यामुळे ते चिंचेचं रोप वाटतं. फांदी उलटी करा. खालच्या बाजूला प्रत्येक छोट्या पानापाशी मोहरीएवढी हिरवी फळं ओळीने लटकलेली दिसतील. पर्णिकेच्या बेचक्यात फळ धरत नाही, म्हणजे ज्याला आपण एक पान समजत होतो ती फांदी आहे आणि त्यावरचं प्रत्येक छोटं पान स्वतंत्र आहे. एवढंसं ते रोप, पण नियम किती चोख पाळतं.

सारख्या दिसणाऱ्या दोन जोड्या

गाजर गवत. याच्यामुळे सगळ्यात जास्त फसगत होते, कारण कोवळ्या वयात ते सुंदर दिसतं. जमिनीलगत पसरलेली, झालरीसारखी कापलेली फिकट हिरवी पानं बघून माणसं त्याला झेंडू, कॉसमॉस किंवा शेवंती समजून पाणी घालतात. मांडणी बघा. झेंडूची खालची पानं समोरासमोर असतात, कॉसमॉसचीही. गाजर गवताची एकाआड एक. झेंडूचं पान उजेडासमोर धरलं की तेलाचे बारीक ठिपके दिसतात आणि उग्र ओळखीचा वास येतो. शेवंतीची पानंही एकाआड एक असतात, तिथे मांडणी उपयोगी पडत नाही. पण शेवंतीच्या पानाला स्वतःचा सुगंध असतो आणि ती बहुधा जुन्या गड्ड्याच्या फुटव्यांतून येते. न लावलेल्या जागी बियातून आपोआप उगवलेली शेवंती क्वचितच असते. गाजर गवत मूळचं अमेरिका खंडातलं. रुजल्यापासून महिना-दीड महिन्यात बारीक पांढरी फुलं येतात आणि एक भरलेलं झाड दहा हजारांहून जास्त बिया टाकू शकतं. त्याच्या स्पर्शाने अनेकांना त्वचेची ॲलर्जी होते आणि परागकणांनी श्वासाचा त्रास होतो. म्हणून ओळख पटली की हातमोजे घालून, फूल यायच्या आत, मुळासकट काढा. नुसतं कापलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं.

दुसरी जोडी घोळ आणि जमिनीवर पसरणारी दुधी (दुधी भोपळा नव्हे, त्या नावाचं तण). दोन्ही फरशीच्या फटीत येतात, दोन्हींची खोडं लालसर, पानं छोटी. घोळीचं पान आणि खोड मांसल, पाण्याने भरलेलं असतं आणि मोडल्यावर पाण्यासारखा रस येतो. दुधीचं खोड बारीक, तारेसारखं, आणि मोडताच पांढरा चीक. लोक घोळ समजून दुधी खुडतात, म्हणून प्रत्येक फांदी मोडून बघा, एक मोडली म्हणजे सगळी पाहिली असं समजू नका. दोन्ही एकमेकांत मिसळून वाढतात.

फोटो आणि ॲप

गूगल लेन्स, प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट ही साधनं खरोखर उपयोगी आहेत आणि मी ती वापरते. पण लोक वरून एक फोटो काढतात, त्यात चार गवतं, कुंडीची कड आणि चप्पल येते, आणि मग ॲपला दोष देतात. प्लांटनेट फोटो दिल्यावर तो पानाचा आहे, फुलाचा, फळाचा की खोडाचा हे विचारतं, त्याला कारण आहे. एका फोटोत एकच अवयव, मागे कोरा कागद किंवा तळहात. पूर्ण रोप शेजारी पट्टी ठेवून, पान वरून आणि खालून, पान खोडाला मिळतं ती जागा अगदी जवळून, फूल समोरून आणि बाजूने. एवढे फोटो दिले की उत्तर किती बदलतं ते स्वतः पाहा.

ॲपने दिलेलं पहिलं नाव उत्तर म्हणून घेऊ नका, तो तपासायचा अंदाज आहे. त्या नावाचं वर्णन उघडा आणि पानांची मांडणी, चीक, खोड, फुलाच्या पाकळ्यांची संख्या एकेक करून जुळवा. एक ठळक गोष्ट जुळली नाही तर ते नाव सोडा. बाकी नऊ जुळतात म्हणून दहावीकडे दुर्लक्ष करण्याचा मोह होतो, आणि नेमकी तिथेच चूक होते.

फुलाचा फोटो दिवसातून तीन वेळा काढा, सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला. माझं रोप तिसऱ्या वर्षी कळ्यांनी भरलं. मी रोज दुपारी बारा-एकला फोटो काढत होते आणि रोज मिटलेली, सुकलेल्या चिंधीसारखी फुलं मिळत होती. ॲप गोंधळणारच. एकदा संध्याकाळी पाणी घालायला गेले तर कोपरा उघड्या, लांब नळीच्या राणी रंगाच्या फुलांनी भरलेला आणि मंद वास सुटलेला. गुलबक्षी! लहानपणापासून पाहिलेली, जिची काळी सुरकुतलेली बी मी खिशात भरून आणायचे ती गुलबक्षी. फुलाशिवाय मी तिला तीन वर्षं ओळखलं नव्हतं. ज्या झाडांना आपण फुलावरून किंवा फळावरून ओळखतो ती कोवळ्या वयात आपल्याला परकी असतात, आणि अंगणातल्या बहुतेक अनोळखी रोपांचं असंच आहे.

फुलाची वाट बघताना एक काळजी घ्या. फूल हवं, बी नको. फूल उमललं, फोटो निघाले की बी धरायच्या आत फुलांचे तुरे कापून पिशवीत बंद करा.

नाव मिळालं, पण ते कोणतं?

आयनॅचरलिस्टवर किंवा जाणकाराकडून शास्त्रीय नाव मागून घ्या. बोलीतली नावं गोड असतात, पण एका नावाखाली अनेक झाडं राहतात. ब्राह्मी म्हणून बाकोपा मोनिएरी दाखवतात आणि सेंटेला एशियाटिकाही. पहिलीची पानं छोटी, मांसल आणि समोरासमोर; दुसरीची गोल, खाच असलेली, लांब देठाची. दोघींचं कूळसुद्धा वेगळं. शंखपुष्पी या नावाने तर तीन-चार निरनिराळी झाडं ओळखली जातात. उलट गाजर गवतालाच काँग्रेस गवत, चटक चांदणी, पांढरफुली अशी नावं आहेत. शास्त्रीय नाव हातात असलं तर ते झाड कसं पसरतं, विषारी आहे का, बहुवर्षायू आहे का, हे नेमकं शोधता येतं.

ऑनलाइन जमलंच नाही तर जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारा. फुलासकट फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून, कागद रोज बदलत आठवडाभर वाळवा. फुलाचा रंग, झाडाची उंची, चीक आणि वास यांची नोंद चिठ्ठीवर करा, कारण वाळल्यावर या गोष्टी निघून जातात.

परत का येतं? खणून बघा

उपटलेलं रोप टाकून देण्याआधी त्याचं खालचं टोक बघा. मूळ निमुळतं होत संपलंय, की मध्येच तुटलंय? तुटलं असेल तर काहीतरी जमिनीत राहिलं आहे. माझ्या गुलबक्षीचं खोड फुगीर पेरापाशी तुटायचं आणि खाली काळपट, गाजरासारखं जाड मूळ सुखरूप राहायचं. वरचा भाग वाळून गेला तरी ते मूळ जिवंत राहतं आणि पाणी मिळालं की पुन्हा कोंब सोडतं. मी ओढत होते आणि ती दर वेळी जास्त फांद्यांनी परत येत होती. तिचं मूळ आणि बी पोटात गेलं तर त्रास होतो, त्यामुळे काढलेली मुळं उघडी टाकू नका.

नागरमोथा याहून चिवट. त्याच्या गाठी जमिनीखाली एकमेकींना बारीक दोऱ्यांनी जोडलेल्या असतात. पात ओढली की दोरा तुटतो आणि आतापर्यंत झोपलेल्या गाठी जाग्या होतात. त्याच्यासाठी माती सैल करून, चाळून, गाठी वेचाव्या लागतात, आणि नवा कोंब दिसला की तो कोवळा असतानाच काढत राहावं लागतं, म्हणजे गाठीतला साठा संपतो. हरळीचं खोड जमिनीवरून आणि खालूनही सरकतं. कुदळीने तुकडे केले तर पेर असलेल्या तुकड्यांतून नवं गवत येतं. पिंपळाचं रोप भिंतीत असेल तर बोटाएवढं होईपर्यंत थांबणं चूक आहे, मुळं फटीत शिरली की ओढून निघत नाहीत.

उलट खालचं मूळ पूर्ण, साधं सोटमूळ निघालं आणि तरी रोपं येतच राहिली, तर ती जमिनीतल्या बियांतून येत आहेत. बियांचा साठा किती टिकतो याचं विल्यम जेम्स बील यांच्या प्रयोगासारखं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये वाळूत मिसळलेल्या तणांच्या बिया वीस बाटल्यांत भरून पुरल्या. २०२१ साली त्यातली एक बाटली काढली तेव्हा १४० हून जास्त वर्षांनी काही बिया रुजल्या. सगळ्याच बिया इतक्या टिकत नाहीत, पण दोन-चार वर्षं रोपं येत राहिली तर तुमचं काही चुकतंय असं नाही. शिवाय अनेक बारीक बियांना रुजायला उजेड लागतो. आपण माती खालीवर करतो आणि खाली दडलेल्या बिया स्वतःच उजेडात आणतो. अशा जागी खणू नका. रोपं कोवळी असतानाच खुडा आणि वर पालापाचोळ्याचा जाड थर द्या.

बी नेमकं कुठून येतंय हे ठरत नसेल तर दोन कुंड्यांची परीक्षा करा. संशय असलेली माती किंवा कंपोस्ट दोन्हींत सारखंच भरा. एकीवर बारीक विणीचं कापड ताणून बांधा, दुसरी उघडी ठेवा, दोन्हींना सारखंच पाणी द्या. तीन-चार आठवड्यांत झाकलेल्या कुंडीतही तीच रोपं आली तर बी मातीत आहे. फक्त उघड्या कुंडीत आली तर ती वाऱ्याने किंवा पक्ष्यांनी बाहेरून येत आहेत, आणि माती बदलून काही साधणार नाही. माझ्या मते सगळ्या उपायांआधी ही परीक्षा करावी. मी ती उशिरा केली, आणि अंगणाचा भराव म्हणून आणलेल्या मातीतच गुलबक्षीचं बी असल्याचं झाकलेल्या कुंडीने दाखवलं.

बी मातीत असेल तर कडक उन्हाच्या दिवसांत ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक घट्ट पसरून कडा मातीने बंद करा आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. वरच्या थरातल्या बऱ्याच बिया मरतात. नागरमोथ्याच्या गाठींवर मात्र हा उपाय फारसा चालत नाही. कंपोस्टमधून येत असेल तर ढीग ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो का ते बघा आणि तो उलटवत राहा, म्हणजे कडेचा भागही मध्ये येऊन तापेल. बी धरलेलं तण त्या ढिगात घालूच नका.

नळाजवळचा कोपरा मी यंदा फूटभर खोल खणला. एकूण सात मुळं निघाली, त्यातलं एक मनगटाएवढं जाड होतं. एक मूळ मोठ्या कुंडीत लावलं, कारण संध्याकाळचा तो वास मला हवा आहे. जमिनीत उरलेलं बी अजूनही रुजतं. रुंद दोन दलं दिसली की मी आता ती लगेच ओळखते आणि पहिलं खरं पान येण्याआधी काढते. परवा त्याच जागी वेगळीच दलं दिसली, अरुंद, भाल्याच्या पात्यासारखी. पहिला फोटो काढून ठेवला आहे, तारीख लिहिली आहे, आणि हातमोजे नळाच्या चावीवर टांगून ठेवले आहेत.